बोक्यासमोर उघडायचा खोका

७ सप्टेंबर
घेणार. ठरलं. तोच वजनदार डीएसएलआर, बोक्याच्या कॅमेऱ्याहून एक पायरी वरचा. पैसे जमलेत. आता प्रश्न फक्त कधी घ्यायचा, एवढाच.

बोका म्हणजे माझे माजी सर. स्टुडिओच्या पाटीवर नाव त्यांचं, आणि नऊ वर्षं प्रत्येक लग्नात दुसरा कॅमेरा धरून उभी मी. या पानावर तरी अहोजाहो नको. बोका तो बोकाच. डोळे मिटून दूध पितो आणि समजतो कोणी बघत नाही.

९ सप्टेंबर
आज बँकेत गेले तर भिंतीवरच्या कॅलेंडरात तो फोटो. माझा फोटो! मुलीची पाठवणी झाल्यावर रिकाम्या हॉलमध्ये बसलेला बाप. एक बूट पायात, एक हातात. बोका जेवायला बसत होता. "धर जरा" म्हणून स्वतःचा कॅमेरा माझ्याकडे दिला आणि मी बटण दाबलं. गेल्या वर्षीच्या छायाचित्र स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं ते त्याला. विचारलं तर सगळ्या स्टाफसमोर म्हणाला, "कॅमेरा कोणाचा, बाई? मग फोटो कोणाचा?"

मी नोकरी सोडली. तर म्हणे, सुंठीवाचून खोकला गेला.

मी तेव्हा एक अक्षर बोलले नाही. तेच डाचतं. रोज.

१४ सप्टेंबर
कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार म्हणतो, "ताई, थांबा थोडं. आता बिनआरशाचे कॅमेरे निघालेत, लोक तिकडे पळतायत. याची किंमत उतरणार." दादा म्हणतो, "वरातीमागून घोडं. सीझन संपल्यावर त्या कॅमेऱ्याने काय कावळे टिपणार आहेस?" दोघांचंही बरोबर. डोकं भणभणलं.

निघताना दुकानदार सहज बोलून गेला – "तुमचे सर सीझनच्या आधी सेन्सर साफ करून घ्यायला येतात. यंदा अजून आले नाहीत."

झालं! किंमत गेली खड्ड्यात. बोका काउंटरला उभा असेल तेव्हाच घ्यायचा. खोका त्याच्यासमोर उघडायचा. आणि एकच वाक्य बोलायचं – "सर, यातून निघालेला फोटो कोणाचा म्हणायचा?"

बोका आला की मला फोन करायला दुकानदार तयार झाला. त्याला असल्या भानगडी आवडतात.

२१ सप्टेंबर
नाही आला.

५ ऑक्टोबर
नाही आला. मी वाक्याची तालीम करतेय. जोर 'सर'वर द्यावा की 'कोणाचा'वर? आईने ऐकलं. म्हणाली, "इतकी वाट मी तुझ्या बाबांचीसुद्धा पाहिली नव्हती."

१९ ऑक्टोबर
आज शोभा झाली. एका साहेबांचा निवृत्तीचा समारंभ, तळघरातला हॉल, उजेड नावापुरता. माझा जुना कॅमेरा फोकससाठी चाचपडत राहिला. अर्धे फोटो हलले, उरलेल्यांत रवा पसरल्यासारखे दाणे. साहेबांच्या बायको म्हणाल्या, "यापेक्षा आमच्या जावयाने मोबाइलवर काढलेले बरे." पुढच्या महिन्यात त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न आहे. ते काम गेलं.

दादा चिडला. "नवा घेतला असतास तर? आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन कसला करतेस?"

कापलं तर कापलं. बोका दिसेपर्यंत घेणार नाही.

२६ ऑक्टोबर
किंमत उतरली. दुकानदाराचा फोन – "दोनच राहिलेत ताई, घेऊन टाका." एक माझ्या नावाने बाजूला ठेव म्हटलं. त्याने हताश होऊन सुस्कारा सोडला.

२ नोव्हेंबर
आला!

फोन आला तेव्हा नुकतीच न्हाले होते. ओल्या केसांनीच धावले. बोका काउंटरला टेकून उभा. थोडा वाळलाय. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. दुकानदाराने खोका वर ठेवला, चिकटपट्टी कापली. बॅटरी, कार्ड घातलं. मी लेन्स चढवली, मग सावकाश वळले आणि वाक्य बोलले. अडखळले नाही. जोर 'कोणाचा'वर दिला.

बोका "तुझाच की," म्हणाला. नाकाला मिरच्या झोंबल्या असतील तर दाखवल्या नाहीत.

मग हात पुढे केला. "बघू."

नऊ वर्षांची सवय. त्याने हात पुढे केला की कॅमेरा द्यायचा. मी दिला! माझ्याच हाताने! त्याने डोळ्याला लावला, माझ्याकडे रोखला, एकदाच बटण दाबलं. "आवाज छान आहे," म्हणाला, कॅमेरा परत दिला आणि निघून गेला.

माझ्या कॅमेऱ्यातला पहिला फोटो बोक्याने काढला. घरी येऊन उशीवर चार बुक्क्या मारल्या.

३ नोव्हेंबर
पुसून टाकायचा म्हणून उघडला. पुसला नाही.

ओले केस, दाराकडचा उजेड एका गालावर. सूड घेऊन उभी असलेली बाई. घेतलाय, पण पोट भरलेलं नाही. सगळं तोंडावर लिहिलंय. क्षण चुकला नाही मेल्याचा. चांगला आहे. फार चांगला आहे. हे लिहितानाही दात आवळले गेलेत.

आई बराच वेळ बघत होती. "ही माझी मुलगी. बाकीच्या फोटोंत कोण असते कोण जाणे. कोणी काढला गं?"

"दुकानात," म्हटलं.

६ नोव्हेंबर
टायमर लावून तसाच काढायला बसले. केस भिजवले, दारात उभी राहिले. चाळीसेक फोटो झाले. ती बाई एकातही आली नाही. सर्दी मात्र झाली.

९ नोव्हेंबर
स्पर्धा जाहीर झाली. तीच. यंदाचा विषय – स्वतःच टिपलेली स्वतःची छबी. आणि मागचा विजेता दर वर्षी परीक्षकांत बसतो.

म्हणजे बोका.

दिवसभर हसतेय. पाठवला तो फोटो. छायाचित्रकार म्हणून माझं नाव. बोका ओळखणारच. ओळखून करणार काय? 'हा मी काढलाय' म्हणायला उभा राहिला, तर मागच्या वर्षीचं मीही बोलेन. बसू दे आता तोंड दाबून. खोका उघडण्यापेक्षा हे शंभर पटींनी गोड.

३० नोव्हेंबर
निकाल. पहिलं बक्षीस मला. तिन्ही परीक्षकांचं एकमत.

संध्याकाळी बोक्याचा फोन. "अभिनंदन. फिटलं ना आता आपलं?"

तोंडातून 'हो, सर' निघून गेलं.