त्या नऊ गोळ्या

९ मार्च, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असावं. भाऊजींचा गुडघा कसा आहे? तुझ्या शाळेत परीक्षांची धामधूम असेल, म्हणजे घरच्यांशीही तू लाल पेन हातात घेऊनच बोलत असशील.

दोन वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज मला मधे कुणी बोललेलं चालणार नाही.

मी अजून त्याच चष्म्यांच्या कारखान्यात आहे, सध्या रजेवर. आता काचांचे नंबर तपासायचं टेबल माझ्याकडे आहे. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय एकही काच फ्रेममध्ये बसत नाही. मालक कौतुक करणाऱ्यातले नव्हेत, तरी नव्या माणसांना सांगतात, शंका आली तर बाईंना विचारा. बाई म्हणजे मी, बरं का. हे बसडेपोत दिवसभर इंजिनं उघडतात आणि घरी येऊन त्याच काळ्या हातांनी डबे उघडतात. त्यावरून रोज वाजतं.

आता आडवळणं पुरे. ताई, तू मावशी झालीस. मुलगी आहे, दोन महिन्यांची. माझा एचआयव्ही तिला गेला की नाही, हे सांगणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट आज हातात आला. तो सांगतेच, पण आधीचं सगळं ऐकून घे. हे मूल चुकून झालेलं नाही. विचारून, तपासून, थांबून झालंय.

आम्ही आधी दोघं, माझ्या गोळ्या मिळतात त्या एचआयव्हीच्या केंद्रात गेलो. माझं दुखणं पहिल्या लग्नातलं, हे ह्यांना लग्नाआधीच ठाऊक होतं. तरी डॉक्टरीणबाईंसमोर ‘आम्हाला मूल हवंय’ म्हणताना माझे कान तापले. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्या म्हणाल्या, बरं झालं आधी आलात. मग दोघांचं रक्त, माझा छातीचा फोटो, फॉलिक अॅसिडच्या गोळ्या. आणि मुख्य म्हणजे व्हायरल लोड, रक्तात विषाणू किती ते. रोजची गोळी नीट घेतली की तो इतका उतरतो की तपासणीत सापडतच नाही. तो तसाच टिकला तर ह्यांना माझ्यापासून लागण होत नाही आणि बाळाचा धोकाही अगदी थोडा उरतो. माझा सापडत नव्हताच. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, तोवर निरोध वापरा, असं त्यांनी सांगितलं.

आणि मग मी गाढवपणा केला. गोळ्या बंद केल्या. डोक्यात एकच बसलं होतं, औषध भरलेल्या पोटात बाळ नको, आधी पोट स्वच्छ करू. रोजची गोळी पुडीत बांधून भांड्यांमागे सारायची, आणि ह्यांनी विचारलं की हो, घेतली म्हणायचं. नऊ दिवस. दिवसभर काचेतली पाव नंबरची चूक पकडणारी मी, घरी हे करत होते. दहाव्या दिवशी ह्यांना पुडी सापडली. ओरडले नाहीत. पुडी खिशात टाकली आणि मला घेऊन थेट केंद्रात गेले.

डॉक्टरीणबाई मात्र कडाडल्या. “बाळाला राखणारी हीच गोळी. तुम्ही राखणदारालाच घराबाहेर काढलंत?”

विषाणू वर आला होता. सगळं पहिल्यापासून. पुढचे सहा महिने दुसऱ्यांच्या पाळण्यांकडे बघवत नव्हतं. हे खूळ डोक्यात घातलं कुणी, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. मी तुझं नाव घेतलं नाही.

पण तुला सांगते. तुझ्या स्वयंपाकघरात मी मुलाचा विषय काढला, तेव्हा तू भांडी घासता घासता म्हणालीस, “ती विषारी औषधं रोज गिळतेस, त्याच पोटात मूल वाढवणार? जीव घेशील त्याचा.” मी चपला घालून निघाले, पण ते वाक्य काही मागे राहिलं नाही. मला अक्षरं तू शिकवलीस, ताई. तू सांगितलेलं खोटं असेल, हे मनाला शिवतच नाही. गोळ्या मी चुकवल्या, दोष माझा. पण तुझा राग आला होता, अजूनही आहे.

त्यानंतर एकही गोळी चुकवली नाही. बाळंतपणाच्या दिवशीसुद्धा नाही. दिवस राहण्याआधी दोनदा तपासणी साफ आली, तेव्हाच आम्ही पुढे गेलो. पिल्लू झाल्यावर तिला सहा आठवडे औषध पाजलं, दुधाचंही बाईंना विचारूनच ठरवलं. आणि आज रिपोर्ट आला. निगेटिव्ह. तिच्यात काही सापडलं नाही. ती दीड वर्षाची होईतो तपासण्या आहेत, बाई इतक्यात सोडायच्या नाहीत. पण हे केंद्राच्या जिन्यावर बसून लहान मुलासारखे रडले, आणि मला माझाच इतका अभिमान वाटला की ऊर भरून आला. तो कुणाला तरी सांगायचा होता. तुझ्याशिवाय कुणी सुचेना.

तिला बघायला ये. माफीबिफी नको, तुला ती जमायचीही नाही. फक्त माझ्या औषधाला या घरात विष म्हणायचं नाही. तेवढं होत नसेल तर येऊ नकोस. मी रडेन, पण बोलावणार नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझ्या भाचीची आई