मशीनचा हात

४ जानेवारी, रविवार

ठरलं एकदाचं! सव्वीस जानेवारीच्या गावच्या बुद्धिबळ स्पर्धेत यंदा कॉम्प्युटर खेळणार. मंडळाच्या मीटिंगमध्ये दोन तास नुसती खडाजंगी. मी चहा द्यायला गेले होते, म्हणून सगळं ऐकायला मिळालं. अध्यक्ष गोटीराम म्हणे, "धावायच्या शर्यतीत कोन स्कूटर आनतो काय?" मितेश, माझा चुलतभाऊ, ऐरोलीला कंपनीत आहे, लॅपटॉप त्याचाच. तो हटून बसलेला. शेवटी नामदेवकाका बोलले. मितेशचे वडील, आणि सहा वेळचे चॅम्पियन. "येऊ दे त्याला. कसं खेलतं ते मना बगाचं हाय."

संपला वाद.

पत्रकावर मात्र दरवर्षीचंच छापलंय — 'गावातील सर्व पुरुषांसाठी खुली'. कॉम्प्युटर पुरुष आहे का, हे कुणीच विचारलं नाही!

६ जानेवारी

मशीनला हात नसतात! सोंगट्या हलवायला, घड्याळ दाबायला माणूस लागतं. मितेश घरी आला — "अरुणाताई, तू बस ना. तुला कळतं त्यातलं."

कळतं म्हणे! दहा वर्षांची होते तेव्हापासून काकांच्या मागे उभी राहून त्यांचे डाव पाठ केलेत. खेळायला कधी बसले नाही. बसू दिलं नाही, असं लिहायला हवं. राग आला. तरी हो म्हटलं.

१८ जानेवारी

पहिल्या फेऱ्या झाल्या. स्क्रीन माझ्याकडे वळवलेली. मशीन चाल दाखवतं, मी खेळते. मितेशचा एक नियम — बरोबरी मागायची तर त्याच्याकडे मागायची, मशीनला कसलं मत!

प्रत्येक चालीला तीन सेकंद. सोपी असो की अवघड, तीनच. समोरच्याला घाम फुटलाय हे त्याला कळत असेल का? जिंकावंसं वाटत असेल? की नुसतंच जिंकतं?

आमचे मिस्टर, हरेश, एकोणीस चालींत आडवे. घरी येऊन माझ्यावरच फुरंगटले! मी काय केलं? मी तर हात.

२५ जानेवारी

उद्या फायनल. काका आणि मशीन.

दुसऱ्या कुणाशी असती तर बरं झालं असतं.

२६ जानेवारी

लिहून टाकते.

झेंडावंदन झालं आणि डाव सुरू. काका फार सुंदर खेळत होते, पण मशीन एका प्याद्याने पुढे. मितेश फोनवर बोलत बाहेर गेला. तिसाव्या चालीनंतर स्क्रीन निळी झाली. 'अपडेट चालू आहे. बंद करू नका.'

स्क्रीन फक्त मला दिसत होती. घड्याळ चाललेलं. ओरडायला हवं होतं. चार मिनिटं पटाकडे बघत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "बगा, काकांनी मशीनला पन विचार कराया लावला!"

मग हत्ती उचलला. माझा मी.

त्यानंतरच्या सतरा चाली माझ्या. घाबरून एक प्यादं फुकट घालवलं. पुढे मात्र घट्ट धरून राहिले. काकांचा घोडा कुठे येणार हे मला आधी दिसत होतं — दिसणारच, तीस वर्षं बघितलाय! अखेर काकांनी पटावरून हात पुढे केला. "बरोबरी?" मी हात दिला.

टाळ्या, फटाके. माणसाने मशीनला रोखलं! दोघं संयुक्त विजेते, गोटीरामांनी माइकवर जाहीर केलं. मितेश आत आला, स्क्रीन पाहून पांढराफटक पडला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, कुणाला बोलू नको हां. कंपनीत हसं होईल माझं."

इतकी खूश मी लग्नातही नव्हते. आणि सांगायला कुणी नाही.

२७ जानेवारी

गावभर काकांचं कौतुक चाललंय. खरं सांगितलं तर त्यांचा मान जाईल. म्हणतील, सहा वेळचा चॅम्पियन आणि पुतणीशी बरोबरी! नाही सांगितलं तर माझे सतरा डाव... चाली म्हणायचं होतं. माझ्या सतरा चाली मशीनच्या नावावर जातील. गप्प बसायचं ठरवलं. आयुष्यभर जमलंय की.

दुपारी भांडी घासताना एकदम लक्षात आलं. मितेशचा नियम काकांना पाठ होता. मग बरोबरी त्याच्याकडे का नाही मागितली? माझ्याकडे का मागितली?

३१ जानेवारी

समाजमंदिरातल्या फळ्यावर पेंटर विजेत्यांची नावं लिहीत होता. काका समोर खुर्ची टाकून बसलेले. गोटीराम तावातावाने म्हणाले, "नामदेव, नियमात बाई बसत नाय!"

"मशीन बसवलंस तवा नियम कुठं व्हता? आनि मशीन प्यादं असं फुकट घालवत नाय, गोटीराम."

मी दारातच उभी. काकांनी वळून बघितलंसुद्धा नाही. फळ्यावरचा रंग ओला होता. त्यांच्या नावाशेजारी माझं नाव.