बिनऔषधाच्या बशीतला कोंब

आई, तुला वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. फक्त डोकं उठलंय.

पानाचे तुकडे बशीत ठेवून मी करते तरी काय, असं विचारलंस ना? अगं, पानाच्या पेशीत अख्ख्या झाडाची माहिती असते. पण पान झालं की बाकीच्या माहितीवर रासायनिक खुणांची कुलपं बसतात. ती औषधाने काढून तुकड्यातून नवं रोप उगवून आणायचं, हेच माझं काम.

तीन महिने औषधाच्या चाळीस बशांत नुसते पिवळट गोळे! आणि काल कोंब कुठे फुटला? तुलनेसाठी ठेवलेल्या बिनऔषधाच्या बशीत! कुलपं आपोआप उघडली की बशांवर नावाच्या चिठ्ठ्या लावताना मीच घोळ घातला, देव जाणे.

सर म्हणाले, "सगळं पहिल्यापासून करा. रजा रद्द."

"करीन," मी म्हटलं, "पण आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर."

ते फुगून बसलेत. बसू देत.

आणि माझ्या कामासाठी तू ऑपरेशन पुढे ढकलतेयस म्हणे? कोणी सांगितलं होतं? आता कितपत दिसतं, खरं सांग.

दादा, पुढचं वाक्य तिला दोनदा वाचून दाखव: तारीख बदलायची नाही, तिकीट काढलंय, मी आदल्या दिवशी पोचतेय.

तुझी वैतागलेली
धाकटी