लोहाऱ्याचे घर आणि मंदारची औषधे

मी, शोभा वामन साबळे, वय सहासष्ट वर्षे, धर्म ख्रिस्ती, निवृत्त परिचारिका, राहणार लोहारा, तालुका व जिल्हा यवतमाळ, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने किंवा भिडेपोटी नव्हे तर स्वखुशीने हे लिहून ठेवते. ‘भिडेपोटी’ हा शब्द वकिलांच्या मसुद्यात नव्हता. तो मी घालायला लावला. माझे डोके फिरले आहे असे माझा भाऊ मंदार याने चर्चच्या मंडळीच्या सभेत उभे राहून सांगितले आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या सहीचे बक्षीसपत्र कोणी दाखवल्यास ते खोटे समजावे.

१. मी अविवाहित आहे. आईवडील गेले तेव्हा मी अठरा वर्षांची होते, मंदार आठ. त्याला मी वाढवले. त्यापायी एक चांगले स्थळ दोन वर्षे थांबवून ठेवले होते; ते लोक पुढे थांबले नाहीत. त्यांच्यावर राग नाही. मंदार, त्याची पत्नी भैरवी आणि मुलगी आभा, एवढेच माझे नातेवाईक.

२. माझ्या डाव्या मूत्रपिंडाबद्दल. ते मंदारजवळ आहे. सात वर्षांपूर्वी त्याची दोन्ही निकामी झाली, तेव्हा नागपूरला शस्त्रक्रिया झाली. मला कोणी जबरदस्ती केली नव्हती. आत नेताना त्याने माझा हात घट्ट धरला होता. “ताई, मी हे विसरणार नाही,” म्हणाला. विसरला. तरी मला पश्चात्ताप नाही आणि त्याचा मोबदलाही नको. जे दिले ते दिले. जे दिले नाही, ते मात्र त्याचे नाही.

३. लोहाऱ्याचे घर मी नोकरीच्या फंडातून बांधले. शस्त्रक्रियेनंतर “ताईची काळजी घ्यायला” मंदार कुटुंबासह इथे राहायला आला. टाके सुकायच्या आत मी चौघांच्या पोळ्या लाटत होते. पुढची खोली त्याची झाली, मधली आभाच्या अभ्यासाची, आणि माझी खाट मागच्या पडवीत गेली, गॅसच्या सिलिंडरशेजारी. सहा वर्षे मी तिथे झोपले. काही बोलले की तो शास्त्र, म्हणजे बायबल, काढायचा. “ताई, दुसरा गाल पुढे करायचा असतो.” मंडळीचे पाळकही तेच म्हणाले, माझ्याच हातचा चहा पीत. मला वाटे, ख्रिस्ती जिणे म्हणतात ते हेच असेल. खरे सांगायचे तर मला भांडणाची भीती वाटत होती, आणि त्या भीतीला मी नम्रता म्हणत होते.

लालीबाई राठोड वीस वर्षे आमच्या आरोग्य केंद्रात आया होती. पांढरकवड्याजवळच्या तांड्यावर राहते. तिला वाचता येत नाही, म्हणून भेटायला आली की मी शास्त्र वाचते आणि ती ऐकते. तिचे देव वेगळे असले तरी. गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी महायाजकापुढच्या चौकशीचा प्रसंग वाचत होते. शिपाई येशूला चपराक मारतो, आणि येशू त्याला विचारतो, माझे काय चुकले, मला का मारतोस. लालीबाईने मला थांबवले.

“सिस्टर, यानं तं दुसरा गाल नाही देल्ला. यानं इचारलं, काहून मारतं म्हणून.”

“हो,” मी म्हटले.

“मंग तुमी काहून इचारत नाही?”

चाळीस वर्षे मी तो प्रसंग वाचत आले होते.

त्याच एप्रिलात पेन्शनचे काम आहे असे सांगून मंदार मला गाडीतून घेऊन गेला. गाडी निबंधक कार्यालयाबाहेर, कागद लिहिणाऱ्यांच्या टेबलांपाशी थांबली. एकाने तयार कागद पुढे करून सहीची जागा दाखवली. मी म्हटले, “वाचून दाखवा.” तो मंदारकडे पाहू लागला. मग मीच वाचले. ते बक्षीसपत्र होते. राहते घर मी भावाला ‘प्रेमापोटी’ देत होते. मी कागद परत केला.

गाडीपाशी आल्यावर मंदारने माझ्या थोबाडीत मारली. चष्मा खाली पडला. टपरीवर चहा पिणारी माणसे पाहत राहिली. मी दुसरा गाल पुढे केला नाही, हातही उगारला नाही. विचारले, “काहून मारलं, मंदार?”

“ताई, गाडीत बस.”

“नाही बसत. आधी सांग. काय वाईट केलं मी तुझं? काहून मारलं?”

त्याने गाडी सुरू केली. मी ऑटो करून घरी आले. त्याच आठवड्यात वकिलामार्फत कळवले की महिन्याभरात घर खाली कर. तो गेला. पुढच्या रविवारी माझे डोके फिरल्याचे जाहीर झाले. तेव्हापासून उपासनेत माझ्या बाकावर कोणी बसत नाही. ज्यांची बाळंतपणे या हातांनी केली, त्याही नाहीत.

४. घर, अंगणातल्या सीताफळासकट, माझी भाची आभा मंदार साबळे, सध्या वणी येथे नोकरीस, हिला मिळावे. तिने ते मागितलेले नाही. मंदारचे सामान निघाले त्या दिवशी तिने एकटीने माझी खाट पडवीतून पुढच्या खोलीत आणून ठेवली.

अट अशी की भैरवीला या घरात हयातभर राहण्याचा हक्क असेल. ती कधीही आली तरी का आलीस म्हणून विचारू नये. भैरवीबद्दल मला माया नाही. माझी खाट पडवीत तिनेच नेली. पण तिच्या मनगटावरचे वळ मी पाहिले होते. दारात हात सापडल्याचे ते नव्हते, इतके परिचारिकेला कळते. तेव्हा मी गप्प राहिले. ते माझे पाप.

मंदारला या घरात राहण्याचा हक्क नाही. भेटायला आला तर चहा द्यावा. ओट्यावर.

५. दिलेले मूत्रपिंड टिकवायला मंदारला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागणार आहेत, आणि त्या महाग आहेत. माझ्या बँकेतील ठेवीच्या व्याजातून त्या त्याला मिळत राहाव्यात. पैसे त्याच्या हाती देऊ नयेत. यवतमाळचे औषध विक्रेते जुनेद रहमत शेख यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. त्यांनी दरमहा गोळ्याच द्याव्यात. हे सांगितले तेव्हा जुनेदभाईंनी विचारले,

“सिस्टर, जिसने मारा, उसीको?”

मी म्हटले, “मारलं म्हणून घर नाही दिलं. भाऊ आहे म्हणून गोळ्या देऊन राह्यली.”

मंदारच्या पश्चात ठेव आभाची.

६. शिलाई मशीन लालीबाईला मी जिवंतपणीच देऊन टाकली, कारण साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही असे वकील म्हणतात. मंडळीला काही नाही. एकतीस वर्षे पगाराचा दशांश दिला आहे.

७. मला ख्रिस्ती रीतीने पुरावे. “शोभाबाईंनी आयुष्यात कोणाला नाही म्हटले नाही,” असे पाळकांनी माझ्या शवपेटीपाशी उभे राहून बोलू नये. मी म्हटले आहे. मंदार आला तर अडवू नये, रडला तर रडू द्यावे. प्रार्थना मात्र त्याने चालवू नये.

त्याला क्षमा केली का, असे कोणी विचारील. रोज करते. रोज करावी लागते, यावरून काय ते समजावे.

हे सर्व मी स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: शोभा वामन साबळे

साक्षीदार:
१. डॉ. धर्मपाल गणवीर, यवतमाळ (सही)
२. लालीबाई राठोड, तांडा, पांढरकवडा (डाव्या हाताचा अंगठा, मजकूर वाचून दाखवला, तिने दोनदा ऐकला)

ठिकाण: लोहारा, यवतमाळ
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५