खोलीत एकच व्यक्ती

५ ऑगस्ट
पोचले एकदाची तुंगार्लीला. बंगला ऐसपैस, मालक परदेशात. बंगला सांभाळायचा, दिवे-नळ बघायचे, बदल्यात राहणं आणि वायफाय फुकट. चैन आहे बाई. नेटवर्क सिक्युरिटीच्या दोन वर्षांच्या ऑनलाइन डिप्लोमाचा शेवटचा पेपर एकोणीसला. देहूरोडच्या आमच्या दीड खोलीत मागच्या वेळी भर पेपरात आई चहा घेऊन मागे उभी राहिली. कॅमेऱ्यात दुसरा चेहरा दिसला, पेपर रद्द. तिला अजून कळत नाही, चहानं काय बिघडलं. आता ही शेवटची संधी. हुकली तर दोन वर्षं पाण्यात. इथे मागे येऊन उभं राहायला कुणी नाही.

१२ ऑगस्ट
सराव परीक्षा. नियमाप्रमाणे लॅपटॉप फिरवून चारी भिंती दाखवल्या. दहाव्या मिनिटाला इशारा आला, खोलीत दोन व्यक्ती आहेत. वळून पाहिलं तर नुसती भिंत. सॉफ्टवेअर गंडलंय, दुसरं काय? तरी कपाटावरचा आरसा काढून बाहेर ठेवला, त्यात मीच दिसत असेन.

१५ ऑगस्ट
खाली पर्यटकांच्या गाड्यांची ही रांग, आणि इथे सरावात पुन्हा तोच इशारा. या वेळी फोटोही आला. खुर्चीत मी. मागे एक मुलगी, अगदी माझ्यासारखी वेणी. झाडलोटीला येणाऱ्या बयाबाईंना दाखवला. मागं हुबी हाय ती तूच की, म्हणाल्या. पन खुर्चीत कोन बसलंय?
मला हसू आलं नाही.

१७ ऑगस्ट
बयाबाई कालपासून आल्या नाहीत. बॅग दोनदा भरली, दोनदा सोडली. घरी गेले तर पेपर गेला. भीती वाटते, सरळ भीती वाटते. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावून अभ्यास. डोक्यात काही शिरत नाही.

१९ ऑगस्ट, सकाळी
लॉगिन केलं. दोन व्यक्ती— पहिला इशारा. लगेच दुसरा. तिसरा आला की पेपर रद्द. मानेवर कुणाचा तरी श्वास— वही घेऊन पळाले. स्वयंपाकघरात आहे. फोन आतच राहिला.

दारातून स्क्रीन दिसतोय. त्यावर लिहिलंय, ओळख पटली, मानसी. खोलीत एकच व्यक्ती. पेपर सुरू.

कीबोर्ड वाजतोय. भराभर. मी एवढी भराभर कधी—

थांबला. माझा फोन वाजला. खुर्चीतल्या तिनं उचलला. माझ्याच आवाजात सांगतेय, आई, मस्त गेला गं पेपर, निघते आता, संध्याकाळपर्यंत घरी येते.

मी ओरडतेय, आई, ती मी नाही, दार उघडू— आवाजच फुटत नाही, आई, ती—