आबांच्या सरणाचा निंब

१२ ऑक्टोबर १९८८
चोपड्याहून एस.टी.ने दुपारी पोहोचलो. बदली मीच मागून घेतली. माझी बायको प्रमिला वारल्यापासून धुळ्याच्या खोलीत बसवत नव्हतं. इथे लताक्का आहे, माझी थोरली बहीण. आता माझं म्हणावं असं तेवढंच माणूस. दारातच म्हणाली, "मास्तर, रडकं तोंड धुळालेच ठेई येवानं व्हतं!" बऱ्याच महिन्यांनी हसलो. जेवायला शेवभाजी होती. शाळेच्या खिडकीतून केळीच्या बागा दिसतात.

१६ ऑक्टोबर
हिलालआबा वारले. त्यांच्यामुळे या गावात साप-विंचवाचं भय नव्हतं. आबा मंत्राने विष उतरवत आणि पारावरच्या निंबात खिळा ठोकून ते तिथेच कोंडत. लताक्काला बागेत घोणस चावली होती, तिचाही खिळा त्यातच होता. विद्या त्यांनी कुणाला दिली नाही.
आबांना दुसरं लाकूड नको, म्हणून गावाने प्रेमाने तोच निंब तोडला. ओलं लाकूड पेटेना, रॉकेल ओतलं. खिळ्यांचं कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही.

१८ ऑक्टोबर
राख सावडताना खिळे मोकळे सापडले. लगेच सुकदेवनानांचा हात सुजला, पूर्वी विंचू चावला होता तिथेच. म्हणाले, विंचवाने ओळख ठेवली बुवा. संध्याकाळपर्यंत थट्टा बंद झाली. त्यांचं ओरडणं इथवर येतं.

१९ ऑक्टोबर
शेजारच्या मंजुळाबाई गेल्या. नाग चावला तेव्हा त्या नव्या नवरी होत्या, आज नातवंडं आहेत. पायावर दोन टोचे उमटले. आतून बाहेर.
दाजींनी, म्हणजे लताक्काच्या यजमानांनी, राखेतले खिळे वडात ठोकून पाहिले. गळून पडले. मंत्र कुणाला येतो —
लताक्का पाय लुगड्याखाली ओढून बसते. विचारलं तर चिडते.

२० ऑक्टोबर
पाहिलं. घोट्यावर दोन.

जीप मिळाली. चोपड्याला लस दिली. विष उतरत नाही. डॉक्टर विचारतात, साप कधी चावला. काय सांगणार — जळगावला न्या म्हणाले.

जीपमध्ये
सूज मांडीपर्यंत. दाजी ड्रायव्हरला शिव्या देतात, हळू चालवतो म्हणून. मला बोलता येत नाही, म्हणून हे — अक्षर हलतंय.
लताक्काने डोळे उघडले. वहीकडे बघते आहे. म्हणते, भाऊ, लिखू नको. मना हात धर.
गार आहे. धर—