लाल की निळा?

रविवार, १२ फेब्रुवारी २००६, मैलापूर

अजून हसू येतंय. आजोबांच्या तांबरमच्या पेट्रोल पंपावरचं जुनं यंत्र, वर काचेच्या दोन बरण्या असलेलं, हाताने दांडा मारायचं, ते उद्या रंगवायचंय. पण मूळ रंग कोणता? यंत्र पुरतं गंजलेलं आणि फोटो काळा-पांढरा. अप्पा म्हणतात निळा. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, म्हणते लाल. आठवडाभर दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हती. सत्तरी उलटलेली माणसं!

शेवटी आज मी यंत्रावरच्या पितळी पाटीच्या कडेला ओल्या पॉलिश पेपरने घासलं. वर निळा. अप्पा खूश होतायत तोच खालून लाल निघाला. मग पाटी काढली, तर तिच्याखाली नुसता लाल, अगदी कोरा. हे मला आधीच का सुचलं नाही?

जिंकूनही आत्या त्या निळ्याकडेच वाकून बघू लागली. मग म्हणाली, "निळा कधी केलात?"

"तू लग्न होऊन तंजावरला गेलीस ना अक्का, त्यानंतर असेल."

"मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

एवढ्या बारीक आवाजात बोलताना तिला मी कधी ऐकलं नव्हतं. अप्पा पाटीखालच्या त्या लाल तुकड्यावरून बोट फिरवत राहिले.

"लालच देऊ. तू घरात होतीस तेव्हाचा."

"दांडा निळा कर," आत्या लगेच म्हणाली. "तुझंही काही राहू दे."

आता कॉफी पीत दोघं पुन्हा भांडतायत. लाल कुंकवासारखा की विटेसारखा?